तीन एकर, सत्तावीस लाख आणि अडतीस हजारांचा पगार

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातले एक वाचक, वय ३१, चाकणजवळच्या कारखान्यात कायम नोकरीला आहेत. हातात महिन्याला ३८ हजार पडतात. घरी पत्नी आणि एक मूल. गावी वडील दोन एकर जिरायत कसतात, पण सातबारा अजून दिवंगत आजोबांच्याच नावावर आहे. एक चुलते आणि एक आत्या आहेत. शेजारच्या गटातली तीन एकर जमीन विकायला निघाली आहे. सामाईक विहिरीत हिस्सा आहे आणि मागणी एकरी ९ लाख, म्हणजे एकूण २७ लाख. त्यांच्याकडे शिल्लक ८ लाख. बाकीसाठी १० लाख पर्सनल लोन, ४ लाख पत्नीचे दागिने ठेवून आणि ५ लाख गावातल्या एकाकडून शेकडा दोनने घ्यायचा विचार आहे. मालकाला महिनाभरात दोन लाख विसार, तीन महिन्यांत खरेदी आणि अर्धी रक्कम रोखीने हवी आहे. जमीन आली की वर्षभरात नोकरी सोडून पूर्णवेळ शेती करायची, असा त्यांचा बेत आहे. ते विचारतात: शेतजमीन घ्यायला बँक कर्ज देते का? नवख्याने पैसा कसा उभा करावा? आणि विसार देऊ का?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याला मुदत आहे. विसार आत्ता देऊ नका. जमीन वाईट आहे असे मी म्हणत नाही, ती चांगलीही असेल. पण तुम्ही मांडलेली पैशांची जुळणी पहिल्या महिन्यातच तुटते आणि कागदाच्या बाजूनेही अजून तुमची तयारी नाही.

आधी आकडे पाहू. १० लाखांचे पर्सनल लोन १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण २३,२७० रुपये येतो. दागिन्यांवरच्या ४ लाखांचे १० टक्क्यांनी नुसते व्याज महिन्याला ३,३०० च्या वर जाते. शेकडा दोनचे ५ लाख म्हणजे दरमहा १० हजार व्याज, वर्षाला २४ टक्के. तिन्हींची बेरीज ३६,६०० रुपये. पगार ३८ हजार. उरलेल्या चौदाशे रुपयांत घरभाडे, शाळा आणि गावची ये-जा कशी भागणार, हे पत्रात नाही. शिवाय पाच वर्षांनी फक्त पर्सनल लोन फिटलेले असेल. दागिन्यांचे आणि गावातल्या कर्जाचे मिळून ९ लाख मुद्दल जिथल्या तिथे उभे असेल.

खरेदीचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. ग्रामीण भागात मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून पाच-सहा टक्के धरून चाला. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. शुल्क कागदावरच्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या) किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. वकील, मोजणी आणि लिखापढी धरून २७ लाखांच्या व्यवहाराला दोन लाख सहज लागतात. त्यानंतर बी, खत, मजुरी आणि पाइपलाइनसाठी हातात काहीच उरत नाही. नवे शेतकरी अडकतात ते इथे: जमीन आली, पण पेरायला पैसा नाही.

आता तुमच्या बेतामागच्या गृहीताकडे येतो. जमीन घेतली की तीच हप्ते फेडेल, असे तुम्ही धरून चालला आहात. नोकरी सोडण्याचा विचार त्यातूनच आला आहे. सोयाबीनचे गणित करून पाहा. चांगल्या वर्षी जिरायतात एकरी आठ क्विंटल धरू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात तो दर दरवेळी मिळतोच असे नाही. तरी तोच धरला तर एकरी ४२ हजारांच्या आसपास येतात. त्यातून नांगरट, बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी मिळून २२ ते २५ हजार वजा करा. राहतात १७ ते २० हजार. विहिरीच्या पाण्यावर रब्बीत हरभरा किंवा ज्वारी घेतली तरी एकरी ३५-४० हजारांच्या पुढे भुसार पिकात जाणे अवघड. आणि एका एकराच्या ९ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे नुसते व्याज होते ९९ हजार. मुद्दल वेगळेच.

ही तुमच्या गावापुरती गोष्ट नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नावर ठरत नाही. रस्ता, पाणी, शहराची जवळीक आणि गुंतवणूकदारांची भूक यांवर ठरतो. म्हणून कर्जाने घेतलेल्या जमिनीचा हप्ता पहिली काही वर्षे बाहेरच्या उत्पन्नातूनच जातो. तुमच्याकडे ते उत्पन्न म्हणजे पगार. तो सोडणार असाल तर कर्ज घेऊ नका. कर्ज घेणार असाल तर निदान तीन-चार वर्षे तो सोडू नका. द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला किंवा दूध यांतून जास्त पैसा होतो, हे खरे. पण त्याला जमिनीशिवाय वेगळे भांडवल लागते, आणि नवख्याची पहिली दोन वर्षे शिकण्यात जातात. ती शिकवणी महाग पडते, ती कर्जाच्या पैशावर घेऊ नये.

बँक कर्ज देते का? देते, पण तुम्हाला वाटते तसे नाही. गृहकर्ज शेतजमिनीला मिळत नाही. पीककर्ज, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, पिकाच्या खर्चासाठी असते. त्यातले पैसे जमिनीत घातले तर पेरणीला पैसा राहत नाही, आणि मुदतीत न भरल्याने व्याजसवलतही जाते. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांचे असते आणि वेळेत भरणाऱ्याला ते ४ टक्क्यांनी पडते. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरली तर वेळेत भरणाऱ्याला ते बिनव्याजीच होते. इतका स्वस्त पैसा चुकीच्या खात्यात घालवणे म्हणजे निव्वळ नुकसान.

जमीन खरेदीसाठी काही राष्ट्रीयीकृत बँकांच्या स्वतंत्र योजना आहेत. स्टेट बँकेची योजना त्यांतली माहितीची. त्यांचा साचा सारखाच असतो. कर्जदार अल्पभूधारक हवा, म्हणजे जिरायत पाच एकरांच्या आत किंवा बागायत अडीच एकरांच्या आत. भूमिहीन शेतमजुरांनाही त्यात जागा आहे. किमान दोन वर्षे कर्ज नियमित फेडल्याची नोंद हवी. बँक ठरवेल त्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, तीच जमीन गहाण राहते, आणि परतफेड सहामाही हप्त्यांत साधारण नऊ-दहा वर्षांत करायची असते. तयार जमिनीला एक वर्ष आणि सुधारणा लागणाऱ्या जमिनीला दोन वर्षे हप्त्याला सवड मिळते.

यातला ‘बँक ठरवेल त्या किमतीच्या’ हा भाग नीट लक्षात घ्या. मालक ९ लाख म्हणतो म्हणून बँक ९ लाख धरत नाही. आसपास गेल्या काही वर्षांत नोंदलेले व्यवहार ती पाहते. तिने एकरी ६ लाख धरले, तर एकरी कर्ज ५ लाख १० हजारांवर थांबते आणि वरचे सगळे खिशातून घालावे लागते. आता मालकाची रोखीची मागणी पाहा. अर्धी रक्कम कागदाबाहेर गेली तर कागदावर एकरी साडेचार लाख दिसतील आणि कर्ज त्याहूनही खाली येईल. पुढे व्यवहार मोडला किंवा कोर्टात गेला तर रोख दिलेले सिद्ध करता येत नाही. शिवाय तुमच्यासारख्या पगारदाराच्या स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो. मालकाला हे शांतपणे सांगा. पुष्कळदा त्याला हे ठाऊक नसते, ‘अर्धे रोख’ हे दलालाने त्याच्या डोक्यात भरवलेले असते.

शाखेत गेल्यावर व्यवस्थापक टाळाटाळ करताना दिसला तर त्यामागचे कारणही माहीत असू द्या. थकीत घर किंवा गाळा बँकेला सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता ताब्यात घेता येतो. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. वसुलीला वेळ लागतो आणि लिलावात गावातला माणूस बोली लावत नाही, म्हणून तारण म्हणून शेतजमीन बँकेला आवडत नाही. पूर्वी दीर्घ मुदतीच्या शेतीकर्जासाठी भूविकास बँका होत्या. त्या बुडाल्या आणि त्यांची जागा नीट कोणी भरली नाही. त्यामुळे एका शाखेने नाही म्हटले की सगळीकडे नाही, असे समजू नका. तालुक्याच्या ठिकाणी जिथे कृषी अधिकारी बसतो अशी शाखा गाठा, ‘जमीन खरेदी योजनेखाली’ अर्ज करायचा आहे असे योजनेचे नाव घेऊन सांगा, आणि पगारपत्रक बरोबर न्या. वडील कर्जदार आणि तुम्ही सहकर्जदार, असा अर्ज केलात तर तुमचा नियमित पगार हीच त्याची खरी ताकद आहे.

मात्र आज तुम्ही या योजनेत बसत नाही, कारण सातबाऱ्यावर ना तुमचे नाव आहे ना वडिलांचे. हे फक्त कर्जाला आडवे येते असे नाही, खरेदीलाच येते. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात वेगळे कुळकायदे लागू आहेत, म्हणून तिकडच्या वाचकांनी आपल्या भागाची तरतूद तालुक्याच्या वकिलाकडून समजून घ्यावी. शेतकरी असल्याचा बनावट दाखला करून देणारे प्रत्येक तालुक्याला भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. व्यवहार बेकायदा ठरला तर कलम ८४क खाली जमीन शासनजमा होऊ शकते, आणि तेव्हा दाखला देणारा सापडत नाही.

म्हणून पहिले काम आजोबांच्या वारस नोंदीचे. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रे घेऊन तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करा. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपली आणि हरकत आली नाही, की मंडळ अधिकारी फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) प्रमाणित करतात. आत्याचे नाव गाळू नका. ‘ती काही मागत नाही’ म्हणून बहिणीचे नाव सोडलेला फेरफार वीस वर्षांनी कर्जाच्या किंवा विक्रीच्या वेळी वर येतो आणि सगळे अडवतो. तिला हक्क सोडायचा असेल तर नाव लागल्यानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, आणि तेही तिच्या मनाने. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. तिघांत वाटले तर वडिलांच्या वाट्याला २६-२७ गुंठे येतात. थोडे वाटेल, पण सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी होण्यासाठी ते पुरे आहे.

नाव लागले की वडिलांचा शेतकरी ओळख क्रमांक काढा, विकास सोसायटीचे सभासदत्व घ्या किंवा बँकेत किसान क्रेडिट कार्ड काढा. एवढ्याशा जमिनीवर पीककर्ज थोडकेच मिळेल. ते घ्या आणि मुदतीच्या आत फेडा. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच करा. बँक ज्या दोन वर्षांच्या नियमित परतफेडीची नोंद मागते ती अशी तयार होते. पर्सनल लोनची चौकशीही उगाच चार ठिकाणी करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलवर उमटते.

‘तोवर जमीन हातची जाईल’ असे तुम्ही म्हणाल. जाईलही. पण मालकाला खरोखर काय हवे आहे ते आधी विचारा. त्याला मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पाच-सात लाखांची गरज असेल आणि तीन एकर एकदम विकण्यात त्याला स्वतःला रस नसेल, तर तुमच्यासाठी वाट उघडते. वारस नोंद झाली की फक्त एक एकर मागा. तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या कायद्यात, प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे धरतात, तेव्हा एक एकर आणि उरलेले दोन एकर दोन्ही त्या मर्यादेच्या वरच राहतात. मात्र पोटहिश्श्याची मोजणी आधी करून घ्या. गटाच्या नेमक्या कोणत्या बाजूचा एकर तुमचा, हे नकाशावर आणि खरेदीखताच्या चतुःसीमेत लिहिलेले असले पाहिजे.

एका एकराचे गणित असे बसते. ९ लाखांत तुमचे ५ लाख, बँकेचे ४ लाख. ११ टक्के व्याज आणि नऊ वर्षांत १८ सहामाही हप्ते धरले, तर हप्ता सुमारे ३५,६०० रुपये, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आत. तुमच्या पगाराला हे झेपते. खरेदीचा खर्च ६०-७० हजार गेला तरी जवळ सव्वादोन लाखांच्या वर राहतात. ते जमिनीत घालू नका. पहिल्या दोन हंगामांचा खर्च आणि ठिबक त्यातून करायचे आहे. ठिबकला अल्पभूधारकाला राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, पण आधी पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो आणि पैसे मागाहून येतात. कधी तर पुढच्या हंगामातही येत नाहीत.

एका एकरासाठीही दोन वर्षांच्या परतफेडीची अट आडवी आली, तर मालकाशी हप्त्यांत व्यवहार ठरवता येतो. नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करायचे: एक तृतीयांश रक्कम आज, उरलेली अठरा ते चोवीस महिन्यांत तीन-चार ठरलेल्या तारखांना, शेवटच्या रकमेबरोबर खरेदीखत. मालकाला त्या मुदतीबद्दल थोडी वाढीव किंमत दिलीत तरी ती शेकडा दोनपेक्षा स्वस्तच पडेल. साठेखत नोंदणीकृतच हवे. नुसत्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद भांडणात उभा राहत नाही. एक हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, व्यवहार मोडला तर किती रक्कम परत आणि कधी, मालक मधल्या काळात वारला तर वारस बांधील, हे सगळे त्यात लिहा. ताबाही साठेखतातच घेतला तर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावे लागते, पुढे खरेदीखताच्या वेळी ते वळते होते.

मला स्वतःला तुमच्यासाठी आणखी एक मार्ग जास्त पटतो, जरी तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. जमीन आधी खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने घ्या. तुमच्या भागात जिरायतीचा एकरी खंड दहा-पंधरा हजारांच्या घरात असेल, तर तोच एकर विकत घेण्याच्या एका वर्षाच्या व्याजात तुम्ही सहा वर्षे खंड भरू शकता. दोन हंगामांत ती जमीन कळते: पाणी मार्चमध्ये किती तास चालते, पावसाळ्यात कोपरा पाणथळ राहतो का, शेजारी बांध कोरतो का. वडील आहेत, तुम्ही सुट्टीला जाल, आणि नोकरी सोडून शेती करण्याइतकी ती खरोखर आवडते का, हेही समजेल. मालक लेखी खंडाला घाबरेल, कारण कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची, भीती गावोगाव आहे. हंगामापुरता लेखी करार किंवा बटई (उत्पन्नात वाटा), जे त्याला रुचेल ते करा. फक्त भाड्याचे पैसे बँकेतून द्या.

गावातल्या शेकडा दोनच्या पैशाला हातही लावू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारणाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. २४ टक्के घेणारा कायद्याबाहेरचा असतो, आणि असा माणूस बहुधा तारण म्हणून गहाणखत नाही तर खरेदीखतच लिहून मागतो. ‘पैसे दिलेस की उलटवून देतो’ या तोंडी शब्दावर गेलेल्या जमिनी जिल्हा उपनिबंधकांकडच्या तक्रारींत सापडतात. तशी जमीन परत मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती वर्षानुवर्षांची लढाई असते. दागिन्यांवरचे कर्ज त्या मानाने बरे, पर्सनल लोनपेक्षाही स्वस्त. पण ते वर्षभराच्या मुदतीचे असते आणि शेवटी मुद्दल एकदम भरावे लागते, म्हणून ते जमिनीला नको. पाऊस लांबला आणि दुबार पेरणी आली तर त्या हंगामासाठी राखून ठेवा.

तुमच्यासारख्याच प्रश्नात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. घरात कोणाच्याही नावावर कधीच शेती नसेल, तर आधी पणजोबांपर्यंतचे जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. पत्नीच्या माहेरी वडिलोपार्जित शेती असेल तर तिचा त्यात हक्क आहे, आणि तिचे नाव लागल्यावर ती स्वतः शेतकरी म्हणून खरेदी करू शकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांनी बाजारात जाण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जावे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर मिळते. जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाख ही किमतीची कमाल मर्यादा आहे. अडचण एवढीच की त्या किमतीत विकायला तयार असलेला मालक सापडावा लागतो. त्यामुळे विकाऊ जमीन स्वतः शोधून तिचा प्रस्ताव घेऊन गेलेल्या कुटुंबाचे काम लवकर पुढे सरकते.

आता या तीन एकरांच्या कागदांविषयी. पैसा कुठूनही आला तरी हे तपासावेच लागते. महाभूमी या शासकीय संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. भोगवटादार वर्ग १ (विक्रीला मोकळी जमीन) आहे की वर्ग २ (विक्रीवर शासनाचे निर्बंध), ते पाहा; वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय खरेदी करू नका. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ चा शेरा असतो. कुळाला मिळालेल्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम शासनाला भरून ती विकता येते. ते चलन मालकाने भरले आहे का, ते बघा. इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर विसाराचे पैसे मालकाच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरा आणि बेबाकी दाखला घ्या. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मालकाच्या बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रे आहेत का, हे तुम्ही स्वतः विचारा. दलाल ते विचारत नाही.

बँकेचे कर्ज घेऊन विसार द्यायची वेळ आली, तर विसाराच्या कागदात एक ओळ हवीच: ठरलेल्या मुदतीत बँकेचे कर्ज मंजूर झाले नाही किंवा शोध अहवालात दोष निघाला, तर विसार पूर्ण परत. मुदत तीन नव्हे, सहा महिन्यांची ठेवा. बँकेच्या पॅनेलचा वकील, मूल्यांकन आणि शाखेकडून वरच्या कार्यालयापर्यंतचा फाइलचा प्रवास यांतच तीन-चार महिने सहज जातात. मुदत टळली म्हणून विसार बुडाल्याची भांडणे यातूनच होतात. मंजुरी मिळाली की बँक धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) थेट मालकाच्या नावाने काढते. खरेदीखत आणि बँकेचे गहाणखत एकाच दिवशी नोंदवतात आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. गहाणखताचा खर्च वेगळा, तोही हिशेबात धरा.

खरेदी वडिलांच्या एकट्याच्या नावाने करू नका. तुम्हाला भावंडे असतील तर तुमच्या पगारातून फेडलेली जमीन उद्या सगळ्यांत वाटली जाईल. वडिलांचे आणि तुमचे सामाईक नाव घ्या, आणि तुमच्यासाठी तहसीलदारांकडून वंशावळीच्या आधारे शेतकरी असल्याचा दाखला आधी काढून ठेवा.

‘विहिरीत हिस्सा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. हिस्सा किती आणि किती हिस्सेदारांत, आठवड्यातून कोणत्या वारी किती तासांची पाळी, मोटार आणि वीजजोड कोणाच्या नावावर, पाइप कोणाच्या शेतातून येतो आणि त्याची लेखी संमती आहे का, शेतात ट्रॅक्टर जायला नोंदलेला रस्ता आहे की तोंडी वहिवाट, हे सर्व खरेदीखतात शब्दशः उतरले पाहिजे. विहिरीच्या बाकीच्या हिस्सेदारांना व्यवहाराआधी, मालकासमोर, एकत्र भेटा. त्यातला एकजण जरी ‘त्याचा पाण्यात हिस्साच नाही’ म्हणाला, तर तुम्ही जिरायत जमिनीचा भाव करायला बसला आहात असे समजा आणि ९ लाखांवर पुन्हा बोला.